घरच्या पोहण्याच्या तलावाचे अस्तर नव्याने करायचे आहे : तीन दरपत्रके, तिन्ही वेगळी

माडाखाली | ५ ऑक्टोबर २०२५

नमस्कार. गुहागर तालुक्यात, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर आमचे घर आहे. २०१३ साली परसात एक लहानसा पोहण्याचा तलाव बांधून घेतला. लांबी २५ फूट, रुंदी १२ फूट आणि खोली एका टोकाला साडेतीन, तर दुसऱ्या टोकाला पाच फूट. आतून निळ्या काचेच्या मोझॅक टाइल्स आहेत. गेली दोन वर्षे भिंतींवरच्या टाइल्स सुटू लागल्या आहेत, सांध्यांतून पांढरे ओघळ उतरलेले दिसतात आणि पाण्याची पातळीही रोज खाली जाते. या गणपतीत नातवंडे पोहत असताना एकीच्या तळपायाला काच लागली. तेव्हापासून तलाव बंद ठेवला आहे.

मी तीन दरपत्रके मागवली. गावातल्या मिस्त्रींनी "सगळे धरून" १,९५,००० रुपये सांगितले असून ते जुन्या टाइल्सवरच नव्या बसवणार आहेत. चिपळूणच्या ठेकेदाराने ३,४०,००० रुपये अधिक जीएसटी असा आकडा दिला आहे. पुण्याहून आलेल्या गृहस्थांनी ४,९०,००० रुपये लिहून दिले असून त्यात काठाची नवी फरशी आणि रंगीत दिवे आहेत, जे मी मागितलेच नव्हते. पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यांत अडीच पटींचा फरक पाहून मी चक्रावलो आहे. ज्यांनी हे काम करून घेतले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

चिरेबंदी | ५ ऑक्टोबर २०२५

मी स्थापत्य अभियंता आहे आणि चिपळूण परिसरात अशी थोडीफार कामे केली आहेत. दरपत्रकांची तुलना करण्याआधी प्रत्येकाने मोजमाप कशाचे धरले आहे ते विचारा. अनेकदा लोक तलावाचे क्षेत्रफळ म्हणजे २५ गुणिले १२, अर्थात ३०० चौरस फूट समजतात. काम मात्र तळ आणि चार भिंती मिळून करावे लागते. तुमची सरासरी खोली सव्वाचार फूट धरली, तर ७४ फूट परिघाच्या भिंतींचे सुमारे ३१५ चौरस फूट होतात. तळासह एकूण ६१५, आणि पायऱ्या धरून ६२०. एकाने दर ३०० वर आणि दुसऱ्याने ६२० वर लावला असेल, तर त्या दोन कागदांची तुलना करण्यात अर्थ नाही.

आता दर. गेल्या हंगामात आम्ही दिलेले आकडे सांगतो. जुन्या टाइल्स आणि खालचा गिलावा तोडून राडारोडा बाहेर काढण्यास चौरस फुटाला ३५ रुपये. भेगा भरून नवा गिलावा आणि कोपऱ्यांत वाटा (सिमेंटची गोलसर भरणी) घेण्यास ६५. पॉलिमरमिश्रित सिमेंटच्या जलरोधक लेपाचे दोन हात ६०. मध्यम प्रतीची काचेची मोझॅक ११० रुपये, आणि ती तुटफुटीसह ६५० चौरस फूट मागवावी लागते. चिकटद्रव्य आणि बसवण्याची मजुरी ९०. सांध्यांत इपॉक्सी ग्राउट भरण्याचे साहित्य आणि मजुरी ६५. हे सारे २,६६,८०० होते. फिटिंग्ज, टेम्पोचे भाडे आणि किरकोळ धरून आणखी २५,००० मिळवले तर २,९१,८००, आणि १८ टक्के जीएसटीसह ३,४४,३२४ रुपये. (सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबरपासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, पण या कामात सिमेंट इतके थोडे लागते की त्याने फारसा फरक पडत नाही.)

या हिशेबात टाइल्सचा वाटा जेमतेम एक चतुर्थांश आहे, हे ध्यानात घ्या. तरीही ग्राहक नमुने पाहताना दोन तास टाइल्सच्या निळ्या छटांवर घालवतात आणि खालच्या लेपाचे नावही विचारत नाहीत.

मला तीन गोष्टी कळवाव्यात. तलाव आरसीसीचा आहे की भिंती चिऱ्याच्या आहेत? टाइल्स नेमक्या कुठे पोकळ झाल्या आहेत? आणि पाणी रोज किती कमी होते, तेही बाष्पीभवन वजा जाता?

खाडीकाठ | ६ ऑक्टोबर २०२५

श्रीवर्धनहून लिहीत आहे. स्वस्त पडते म्हणून मी इपॉक्सी रंगाचा मार्ग धरला होता, त्याचा अनुभव सांगतो. ५८,००० रुपयांत काम झाले, पहिल्या उन्हाळ्यात तलाव नवाकोरा दिसला आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर तळाला रुपयाएवढे फोड आले. एक फोड नखाने उचलला तर आत पाणी होते आणि त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत होता. कारण उघड होते. रंग लावला तेव्हा काँक्रीट वरून कोरडे दिसत असले तरी आतून ओलेच होते आणि मागून येणाऱ्या ओलीने रंगाला ढकलून काढले.

पुढे टाइल्स लावायचे ठरले तेव्हा तो रंग यंत्राने घासून काढल्याशिवाय चिकटद्रव्य धरणार नाही, असे सांगण्यात आले. घासण्याचे ४५ रुपये चौरस फूट पडले. म्हणजे रंग लावण्याचे पैसे गेलेच, वर काढण्याचेही गेले.

सुपारीची बाग | ६ ऑक्टोबर २०२५

टाइल्सवर टाइल्स लावण्यात नेमके काय वाईट आहे? आमच्या न्हाणीघरात तसेच केले होते आणि सात वर्षे काही झालेले नाही.

चिरेबंदी | ६ ऑक्टोबर २०२५

न्हाणीघरात खालची टाइल घट्ट असेल तर चालते. येथे खालची टाइल सुटलेली आहे. सुटलेल्या टाइलला नवी चिकटवली तर दोन्ही मिळून सुटतात, आणि तलावात तर ३६,००० लिटर पाणी त्या फटीत शिरण्याची वाटच पाहत असते.

माडाखाली | ११ ऑक्टोबर २०२५

सर्वांचे आभार. चिरेबंदी यांनी विचारलेल्या गोष्टी तपासल्या, त्या सविस्तर लिहितो.

तलाव आरसीसीचाच आहे. २०१३ मधली सळ्या बांधतानाची छायाचित्रे सापडली.

टाइल्स तपासण्यासाठी पातळी दोन फुटांनी खाली घेतली आणि कंबरभर पाण्यात उभा राहून स्टीलच्या पळीच्या दांड्याने एकेक फूट ठोकत गेलो. घट्ट टाइल 'टण्' वाजते आणि सुटलेली मडक्यासारखी बद्द. बद्द वाजेल तेथे मेणखडूने फुली मारली. पश्चिमेच्या भिंतीवर फुल्या मारता मारता खडू संपला. बाकीच्या भिंतींवरही जागोजाग पट्टे आहेत. तळ ठोकण्यासाठी लांब बांबू वापरला, आणि आश्चर्य म्हणजे तळ जवळजवळ सगळा घट्ट आहे. भिंतीलगतच्या वीतभर पट्ट्यात तेवढा काही ठिकाणी आवाज बदलतो.

पातळीसाठी बादलीचा प्रयोग केला. तलाव पुन्हा भरून वरच्या पायरीवर बादली ठेवली, तिच्यात तलावाच्या पातळीइतकेच पाणी घेतले, पंप बंद ठेवला आणि २४ तासांनी मोजले. बादलीतले पाणी ६ मिलिमीटर उतरले आणि तलावातले १७. ११ मिलिमीटरचा फरक, म्हणजे माझ्या हिशेबाने रोज सुमारे ३०० लिटर पाणी कोठेतरी जाते.

मग नातवाने सिरिंजमध्ये निळी शाई भरली आणि पाणी अगदी स्थिर झाल्यावर प्रत्येक फिटिंगजवळ एकेक थेंब सोडला. जाळी, परतीच्या पाण्याची तोंडे आणि भिंतीवरच्या भेगा यांजवळ शाई नुसती तरंगत राहिली. पाण्याखालच्या दिव्याजवळ सोडलेला थेंब मात्र दोऱ्यासारखा लांब झाला आणि दिव्याच्या कडेने आत ओढला गेला. आम्ही तिघेही पाहत होतो. तीनदा करून पाहिले, तिन्ही वेळा तेच.

चिरेबंदी | ११ ऑक्टोबर २०२५

फार चांगली तपासणी केलीत. दिव्याच्या कोनाड्यातून वायर बाहेर नेण्यासाठी एक नळी काढलेली असते. तिचे तोंड नीट बंद केले नसेल तर पाणी त्या नळीतून चालत राहते. पाण्याखाली लागणाऱ्या इपॉक्सी पुट्टीने ते तोंड बंद करता येते आणि साहित्याचा खर्च हजार रुपयांच्या आत असतो. काम करण्यापूर्वी दिव्याचा वीजपुरवठा मुख्य बटणावरून तोडावा, हे निराळे सांगायला नको. तुमची ३०० लिटरची गळती टाइल्समधून नव्हतीच, हे आता स्पष्ट झाले. पाच लाख खर्चून टाइल्स बदलल्या असत्या, तरी पाणी तसेच जात राहिले असते.

भिंती सुटल्या आणि तळ शाबूत राहिला, याचेही कारण असावे. भिंतींना लोखंडी पत्र्याचे शटरिंग (काँक्रीट ओतण्याचा साचा) लावले की काँक्रीट काचेसारखे गुळगुळीत निघते. ते छिन्नीने टोचून खडबडीत न करताच गिलावा केला, तर तो नुसता टेकून राहतो. तळाला असे शटरिंग नसते, म्हणून तेथे पकड मिळते. टाइल काढताना मागे गिलाव्याचा थरही सुटून आला आणि त्याची पाठ गुळगुळीत निघाली, तर हेच झाले असे समजा.

भरतीओहोटी | १३ ऑक्टोबर २०२५

मी मालवणात रसायनशास्त्र शिकवतो. पांढरे ओघळ आणि सांधे पोकळ होणे याला पाणीही कारणीभूत असू शकते, त्याचा विचार झालेला दिसला नाही. जांभ्यातल्या विहिरीचे पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते. पिण्यास ते गोड लागते, डाळही चटकन शिजते. परंतु ज्या पाण्यात कॅल्शियम कमी, ते सिमेंटमधला चुना विरघळवून आपली भूक भागवते. त्यात तुम्ही क्लोरीनच्या टीसीसीए गोळ्या वापरत असाल तर त्याही आम्लधर्मी आहेत. याउलट ब्लीचिंग पावडरीने पीएच चढतो, पण तळाला गाळ बसतो. शिवाय अनेक ठिकाणी माळी वर्षातून एकदा अ‍ॅसिड ओतून टाइल्स "चकाचक" करतात. त्याने काचेला काही होत नाही, सिमेंटचा सांधा मात्र खाल्ला जातो.

पीएच ७.२ ते ७.६ आणि कॅल्शियमची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमच्या वर राहावी. तुमच्या ३६,००० लिटरमध्ये कठीणता १५० ने वाढवायची असेल तर सुमारे ८ किलो कॅल्शियम क्लोराइड लागेल (डायहायड्रेट, म्हणजे पापुद्र्यांच्या रूपात मिळणारे), आणि क्षारता ८० ने वाढवण्यास सुमारे ५ किलो खाण्याचा सोडा. दोन्ही एकाच दिवशी घालू नयेत, अन्यथा तलावातच खडूचे पाणी तयार होईल. कॅल्शियम क्लोराइड विरघळताना बादली चांगलीच तापते. म्हणून पाण्यात पावडर घालावी, पावडरीवर पाणी ओतू नये.

माडाखाली | १३ ऑक्टोबर २०२५

अ‍ॅसिड ओतणारा माळी आमच्याकडे नव्हता. ते काम दर मे महिन्यात मी स्वतः हौसेने करत होतो. विहिरीच्या पाण्याचा पीएच ६.३ भरला.

पुळण | १५ ऑक्टोबर २०२५

अलिबागहून. तलाव रिकामा कधी करणार, हे कोणीच विचारलेले नाही, म्हणून माझी चूक सांगतो. आमचे घर पुळणीवर आहे. गणपतीला पाहुणे येणार म्हणून ऐन श्रावणात तलाव रिकामा करून टाइल्स लावण्याचे ठरले. ठेकेदाराने हरकत घेतली नाही आणि मलाही सुचले नाही. रात्रभर पाऊस झाला. सकाळी पाहतो तो खोल बाजूचे टोक चार बोटे वर आलेले, काठाची फरशी उभी चिरलेली आणि नळी तुटलेली.

पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर येते आणि रिकामा तलाव नावेसारखा तरंगू पाहतो. माडाखाली यांच्या तलावाचा तळ ३०० चौरस फूट आहे. तळाच्या वर जमिनीतले पाणी फक्त एक फूट चढले, तरी त्या तळाला खालून साडेआठ टन जोर लागेल. तळाच्या जाळीखाली भूजल आत घेणारा हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह असल्यास बचाव होतो. आमच्याकडे तो होता, पण पूर्वीच्या कोणीतरी सिमेंटने बुजवून टाकला होता. पुढच्या दुरुस्तीचा आकडा येथे लिहीत नाही, कारण तो अस्तराचा खर्च उरलाच नाही.

खाडीकाठ | १५ ऑक्टोबर २०२५

मग मार्च-एप्रिलमध्ये करणे सर्वांत सुरक्षित, नाही का?

सड्यावरची | १६ ऑक्टोबर २०२५

सुरक्षित असेल, पण पुन्हा भरणार कोठून? आमच्या सड्यावर एप्रिलपासून टँकर सुरू होतो आणि बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या असतात. त्याच रस्त्याने चार टँकर एका घराच्या तलावासाठी आत वळले, तर गाव काय म्हणेल याचाही विचार खर्चाबरोबर करावा. मी कोणावर टीका करत नाही, परंतु कोकणात हा हिशेब वेगळा मांडावाच लागतो.

चिरेबंदी | १६ ऑक्टोबर २०२५

सड्यावरची यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे, आणि याला तांत्रिक बाजूही आहे. डिसेंबरच्या मध्यापर्यंत भूजल तळाच्या खाली गेलेले असते आणि विहिरीला मात्र अजून चांगले पाणी असते. डिसेंबरमध्ये उपसा, जानेवारीअखेर स्वतःच्या विहिरीतून भरा. उपशाच्या आदल्या दिवशी विहिरीतली पातळी दोरी सोडून मोजा. ती तलावाच्या तळापेक्षा किमान तीन-चार फूट खाली असल्याशिवाय पंप लावू नका. शिमग्याच्या आत काम संपवणेही आवश्यक आहे, कारण त्यानंतर मिस्त्री कोठे आहेत हे पालखीलाच विचारावे लागते.

चिकटद्रव्य घेताना पिशवीवर आयएस १५४७७ हा मानक क्रमांक आहे का आणि पाण्याखालच्या वापरासाठी ते योग्य असल्याचे लिहिले आहे का, हे पाहा. जलरोधक लेप दिल्यावर टाइल्स लावण्यापूर्वी पाणी भरून सात दिवस चाचणी घ्या. ठेकेदार ही चाचणी टाळू पाहतात, कारण त्यांची माणसे आठवडाभर रिकामी बसतात. दरपत्रकातच ती लिहून घ्या आणि शेवटचा तीस टक्के हप्ता तिच्याशी बांधा.

माडाखाली | १८ ऑक्टोबर २०२५

एक शंका. तळ घट्ट आहे, तर तो तसाच ठेवून फक्त भिंती केल्या तर? ३०० चौरस फूट धडधाकट टाइल्स फोडणे मनाला पटत नाही.

चिरेबंदी | १८ ऑक्टोबर २०२५

करता येईल, पण भिंत आणि तळ जेथे मिळतात तो कोपरा सर्वांत नाजूक असतो. तेथे तळाची एक फुटाची पट्टी तोडून, वाटा घेऊन, भिंतीचा लेप त्या पट्टीवर उतरवावा लागेल. म्हणजे ३१५ अधिक ७०, असे ३८५ चौरस फूट नवे काम. मधला २३० चौरस फूट तळ राहील, त्याचे सिमेंटचे सांधे खरवडून त्यांत इपॉक्सी भरावे. बारा वर्षांपूर्वीची छटा मात्र आता मिळणार नाही, ठिगळ दिसेल. आणि मोझॅकचे सांधे खरवडताना दहा-वीस टाइल्स फुटणारच, ते आधीच धरून चाला.

माडाखाली | ८ फेब्रुवारी २०२६

काम पूर्ण झाले. दिव्याची नळी ऑक्टोबरमध्येच बुजवली होती आणि गळती त्याच दिवशी थांबली.

१५ डिसेंबरला विहिरीत दोरी सोडली तेव्हा पाणी जमिनीपासून १४ फूट खाली होते. त्याआधी आठवडाभर क्लोरीन घालणे बंद केले होते, त्यामुळे तलावातले पाणी चार दिवसांत माडांच्या आळ्यांना सोडता आले. भिंतीचा पहिला तुकडा पडला तो मी उचलून पाहिला. टाइलच्या मागे बोटभर जाडीचा गिलावा, आणि त्याची पाठ हाताला ताटासारखी गुळगुळीत लागली. चिरेबंदी यांचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. या वेळी काँक्रीट छिन्नीने टोचायला तीन माणसे चार दिवस बसली होती.

काम चिपळूणच्या ठेकेदारालाच दिले. काम लहान असल्याने दर चढा पडला. ३८५ चौरस फुटांना ४७० रुपयांप्रमाणे १,८०,९५०. जुन्या तळाचे सांधे २३० चौरस फुटांना ८५ रुपयांप्रमाणे १९,५५०. दिव्याचा कोनाडा, जाळ्या आणि नवा हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह मिळून २२,०००. भाडे आणि राडारोडा १४,५००. असे २,३७,००० आणि जीएसटीसह २,७९,६६० रुपये. संपूर्ण कामाचे त्याच ठेकेदाराचे दरपत्रक जीएसटीसह ४,०१,२०० होते. त्याशिवाय कॅल्शियम क्लोराइड, सोडा आणि तपासणीच्या पट्ट्या मी स्वतः आणल्या.

पाणी भरून चाचणी घेताना तिसऱ्या दिवशी ठेकेदार म्हणाला, "आता कशाला थांबायचे, सुके आहे सगळे." पाचव्या दिवशी उत्तर-पश्चिम कोपऱ्यात बाहेरच्या बाजूला ओल दिसली. तो कोपरा खरवडून पुन्हा लेप द्यावा लागला आणि पुढचे सात दिवस नव्याने मोजले. लिहून घेतले नसते तर तो कोपरा टाइल्सच्या मागे गेला असता.

ठिगळासाठी घरातूनच उपाय निघाला. सूनबाईंनी एक फुटाची पट्टी आणि भिंतीचा वरचा काठ गडद निळा घ्यायला सांगितला, त्यामुळे जुना फिकट तळ गालिच्यासारखा मुद्दाम मधे ठेवल्यासारखा दिसतो.

सुपारीची बाग | ९ फेब्रुवारी २०२६

तळाच्या सांध्यांत किती टाइल्स फुटल्या? आणि त्या जागी काय लावले?

माडाखाली | ९ फेब्रुवारी २०२६

एकतीस. पट्टी तोडताना जुन्या टाइल्सपैकी शाबूत निघालेल्या दोनशेक टाइल्स एका डब्यात वेचून ठेवल्या होत्या, त्यांतल्याच लावल्या. उरलेल्या माळ्यावर आहेत, शेजारी नव्या मोझॅकचे चार ताव ठेवले आहेत. काल पुन्हा बादली ठेवली होती. बादलीत ५ मिलिमीटर, तलावातही ५.